पाखाडी, खाडी आणि लावणीचा चिखल : कोकणात पायांत नेमके काय घालावे?

सडाकिनारी (धागाकर्ता)

नमस्कार. माझे घर राजापूर तालुक्यात, उतारावर आहे. डांबरी रस्त्यापासून अंगणापर्यंत यायचे तर जांभ्या दगडाची ८३ पायऱ्यांची पाखाडी उतरावी लागते. मागच्या श्रावणात माझी आई (वय ७४) या पाखाडीवरून घसरली. सुदैवाने हाड मोडले नाही, पण डावा घोटा इतका सुजला की तिला तीन आठवडे पडवीत बसून काढावे लागले. त्या वेळी तिच्या पायांत अंगठ्याची रबरी स्लिपर होती आणि चार वर्षे वापरून तिचा तळ पाटीसारखा सपाट झाला होता.

खरे सांगायचे तर मी दर गणपतीला मुंबईहून तिच्यासाठी नवी जोडी आणतो. ती जोडी खोक्यातून कपाटात जाते आणि आई जुन्या स्लिपरवरच राहते. घसरल्यानंतर मी हट्टाने कपाटातील एक चांगली, महाग सँडल बाहेर काढली. ती दोन वर्षांपूर्वी घेतलेली होती आणि एखाद्या लग्नापलीकडे वापरलेली नव्हती. आईने ती घालून अंगणात दहा पावले टाकली आणि भिजलेल्या बिस्किटासारखा तिच्या तळाचा भुगा झाला. दुकानदाराला विचारले, तर त्याने "तुम्ही वापरलीच नाही म्हणून असे झाले" एवढेच उत्तर दिले आणि ते मला पटले नाही.

आईचा दिवस पाखाडी, विहीर, गोठा, देऊळ आणि आठवड्याचा बाजार यांत जातो. लावणीच्या दिवसांत नको म्हटले तरी ती मळ्यात उतरते. या सगळ्यासाठी कोणत्या प्रकारची चप्पल किंवा सँडल घ्यावी, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. कंपनीचे नाव सांगितले नाही तरी चालेल. तळ कशाचा असावा, पट्टे कसे असावेत आणि त्यामागचे कारण काय, हे मला समजून घ्यायचे आहे.

तळवा

मी २२ वर्षे चपलांचे तळ बनवणाऱ्या कारखान्यात काम केले आहे, म्हणून भुग्याच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तुमच्या सँडलचा तळ बहुधा पॉलियुरेथेनचा, म्हणजे बाजारात ज्याला 'पीयू' म्हणतात त्याचा असणार. हा पदार्थ हलका, मऊ आणि पायाला सुखाचा असतो. मात्र त्याच्या एका प्रकारात, म्हणजे पॉलिएस्टरवर आधारलेल्या पीयूत, हवेतील बाष्पामुळे रेणूंच्या साखळ्या हळूहळू तुटत जातात. ही क्रिया चप्पल पायांत असो वा कपाटात, चालूच राहते आणि उष्णता व दमटपणा एकत्र आले की तिचा वेग वाढतो. रत्नागिरीकडे वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेल्या महिन्यांतही हवा खारी व ओलसर असते. अशा ठिकाणी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेल्या पीयूच्या तळाला दमट कोठडीच मिळते. दुकानदाराचे म्हणणे अर्धवट खरे आहे. न वापरल्याने तळ खराब झाला नाही, तो पडून असतानाच खराब होत होता आणि पहिल्या पावलांच्या वजनाखाली ते उघड झाले.

आता इतर तळांबद्दल सांगतो. हलक्या स्लिपरमध्ये आणि भोकांच्या रबरी वाटणाऱ्या बंद चपलांमध्ये हल्ली 'ईव्हीए' हा फेसाळ पदार्थ वापरतात. त्याचा असा भुगा होत नाही. पण तो वजनाने दबत जातो, टाचेखाली चपटा होतो आणि त्याचे वरचे नक्षीकाम झिजले की ओल्या दगडावर तो चांगलाच घसरतो. पावसाळी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या सँडल बहुतेक पीव्हीसीच्या असतात. त्या टिकतात, लवकर सुकतात, स्वस्तही असतात, पण ओल्या लादीवर त्यांची पकड कमी पडते. शेवाळलेल्या पाखाडीसाठी माझे मत नि:संशय रबराच्या तळाला आहे. रबर मऊ असावे आणि त्यावरच्या खाचा अरुंद, खोल व धारदार कडांच्या असाव्यात. रुंद सपाट ठोकळ्यांची नक्षी शेवाळाच्या बुळबुळीत थरावर तरंगते, तर धारदार कडा तो थर कापून दगडापर्यंत पोहोचते. दुकानात तळावर नखाने दाबून पाहावे. जरा दबून लगेच वर येणारे रबर चांगले. दाबल्यावर टणक लागणारा चकचकीत तळ आईसाठी घेऊ नये.

आणखी एक गोष्ट. केवळ चिकटवलेला तळ आमच्याकडच्या पावसात फार वेळा उकलतो. घरी आणल्याबरोबर कडेने शिवून घेतला तर तो दोन पावसाळे सहज निघतो.

लाल माती

सर्वांचा आदर ठेवून मी वेगळे मत मांडतो. माझे आजोबा आयुष्यभर अनवाणी राहिले. माडावर चढणारे, कलमांवर चढून आंबे उतरवणारे गडी आजही पायांत काही घालत नाहीत, कारण पायाची बोटे पकड घेतात, तशी पकड कोणताही तळ घेत नाही. शेवाळावर चालताना जाणकार माणूस बोटे रोवतो आणि टाच हलकी ठेवतो. चपलेमुळे पाय जमिनीला आंधळा होतो. आईंना जन्मभराची सवय असेल तर पाखाडीपुरते अनवाणीच चालू द्यावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

निवृत्त परिचारिका

लाल माती यांचे पकडीबद्दलचे म्हणणे मला मान्य आहे, पण आपल्या गावच्या जमिनीत काय काय असते हे मी प्राथमिक आरोग्य केंद्रात तीस वर्षे पाहिले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

ओलसर, सावलीच्या मातीत अंकुशकृमीच्या अळ्या असतात. त्या पायाच्या कोवळ्या कातडीतून आत शिरतात, पुढे आतड्यात जाऊन रक्त शोषतात आणि बाईमाणसाचे आधीच कमी असलेले रक्त आणखी कमी करतात. दुसरा धोका लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा. उंदरांच्या व जनावरांच्या मूत्रातून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायावरच्या लहानशा चिरेतून किंवा तासन् तास भिजून मऊ झालेल्या कातडीतून शरीरात जातात. सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीत पावसाळ्यात हे रुग्ण येतातच. गोठा आणि मळा ही त्यासाठी नेमकी जागा आहे. म्हणून गोठ्यात शिरताना गमबूट घालावेत. लावणीच्या चिखलात गमबूट रुतून बसतो, हे मला माहीत आहे. तेथे पाय उघडेच राहणार. अशा वेळी उतरण्याआधी जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी, वर आल्यावर साबणाने पाय धुऊन बोटांमधील बेचके कोरडे करावे आणि आरोग्य कर्मचारी लेप्टो टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देण्यासाठी आले तर टाळाटाळ करू नये. चिखल्यांवर, म्हणजे सततच्या ओलीने बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या जखमांवर, मेंदीचा पाला लावण्याची पद्धत आपल्याकडे आहे, तिला माझा विरोध नाही. पण पाय कोरडा न करता काहीही लावले तरी चिखल्या परत येतात.

तिसरी गोष्ट विंचवाची आणि फुरशाची. फुरसे हा विषारी साप आकाराने लहान, जांभ्याच्या रंगात मिसळून जाणारा, त्यामुळे संध्याकाळी पाखाडीवर बॅटरीशिवाय आणि उघड्या पायांनी उतरणे मला अजिबात मान्य नाही. लाल विंचवाच्या दंशाने एके काळी कोकणात मुले दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि चित्र पालटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या केंद्रातल्या जुन्या मंडळींना घरच्या माणसाला मिळाल्यासारखा आनंद झाला. पण औषध असले तरी दंश टाळावा हेच बरे. विंचू अंधारी, कोरडी फट शोधतो आणि पायरीवर ठेवलेली बंद पुढाची चप्पल त्याला नेमकी तशी फट देते. सकाळी चप्पल पायांत सरकवण्यापूर्वी उलटी करून आपटावी, हे मी प्रत्येक घरात सांगत आले आहे.

धागाकर्त्यांना एक प्रश्न : आईंना मधुमेह आहे का? असेल तर सगळेच उत्तर बदलेल.

सडाकिनारी

होय, बारा वर्षांपासून आहे. गेल्या वर्षी तिच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडून राहिला होता आणि तिला तो कळलाही नाही. मी ते वयावर घातले.

निवृत्त परिचारिका

ते वय नव्हे. मधुमेहात पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. आधी जिल्ह्याच्या रुग्णालयात पायांची संवेदना तपासून घ्या, चपलेचा विचार त्यानंतर करा.

अशा पायांसाठी 'एमसीआर' चप्पल मिळते. एमसीआर म्हणजे बारीक पोकळ्यांचे, मऊ रबर. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी या चपला सरकारी आरोग्य सेवेतून वर्षानुवर्षे दिल्या जात आहेत आणि तोच विचार मधुमेहालाही लागू पडतो. आतला थर मऊ, म्हणजे साधारण १५ ते २० शोअर (रबराचे काठिण्य मोजायचे माप) काठिण्याचा असतो, त्यामुळे शरीराचे वजन एका जागी न टोचता तळव्यावर पसरते. खालचा थर मात्र कठीण रबराचा हवा, नाहीतर काटा आरपार येतो. या चपलेत खिळा नसावा आणि मागे टाचेचा पट्टा असावा. अंगठ्याच्या स्लिपरमध्ये दोन बोटांमध्ये दांडी घासते आणि बधिर पायाला ती जखम समजत नाही. शिवाय स्लिपर पायातून निसटून गेली तरी अशा माणसाला कळत नाही. मी एका आजोबांना एका पायात चप्पल आणि दुसरा पाय उघडा अशा अवस्थेत बाजारातून केंद्रापर्यंत आलेले पाहिले आहे.

लाल माती, आता तुम्हीच सांगा, या पायांना अनवाणी चालू द्यायचे का?

लाल माती

नाही. बधिर पायाची गोष्ट मला ठाऊक नव्हती. या बाबतीत मी माझे म्हणणे मागे घेतो. मात्र पाखाडीबद्दल एक सुचवतो, कारण दोष केवळ चपलेचा नसतो. आमच्याकडे आषाढ लागला की अंगणात आणि उताराच्या पायऱ्यांवर माडाची चुडते टाकतात, त्यांच्या पात्यांवर पाय धरतो. नारळी पौर्णिमेच्या सुमारास एकदा ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने शेवाळ घासून काढावे. एका बाजूला बांबूचा कठडा बांधला तर आईंना हाताचाही आधार मिळेल.

खाडीकाठ

मी दाभोळच्या खाडीकाठची. आमच्या बायकांचे पाय खडप (किनाऱ्यावरचे खडक), गाळ आणि वाळू यांत विभागलेले असतात आणि तिन्ही ठिकाणची गरज वेगळी असते, म्हणून थोडे लिहिते. विषय आईंच्या पाखाडीचा असला तरी धागा कोकणाचा आहे.

ओहोटीला कालवे काढायला खडपावर जावे लागते. कालवांच्या शिंपीची कड ब्लेडसारखी असते. स्लिपरच्या बाजूने घुसलेली शिंपी पायाची कड उभी चिरते, म्हणून आम्ही तेथे बोटे व टाच झाकणारे जुने कॅनव्हासचे बूट वापरतो. ते भिजतात, सुकतात, फाटतात आणि टाकून दिले जातात. मुळे आणि तिसऱ्या हे शिंपले काढण्यासाठी गाळात उतरल्यावर चप्पल ही अडचणच होते. गाळ तिला खालून ओढून धरतो, आपण पाय उचलतो आणि पट्ट्याचा अंगठा तळातून उपटून येतो. तेथे उघड्या पायानेच, पण पाय न उचलता पुढे सरकवत चालावे, म्हणजे वाळूत बसलेले पाकट (चपट्या अंगाचा, शेपटीला विषारी काटा असलेला मासा) दूर जाते. त्याच्या शेपटीच्या काट्याने होणारी वेदना मी स्वतः अनुभवली आहे आणि ती शब्दांत सांगण्यासारखी नाही. होडीवर मासे निवडताना शिंगाळ्याचा काटा स्लिपरच्या उघड्या बोटांत घुसतो, तेथे मात्र पुढून बंद रबरी सँडलच बरी.

बाजारात जाताना कोळणीने चांगली चप्पल घालू नये, असा कोठलाही नियम नाही. माझ्या आईकडे लाल गोंड्याची एक कोल्हापुरी होती. ती शिमग्याला आणि लग्नालाच बाहेर निघत असे. पावसात नेण्याची आम्हाला मुभा नव्हती.

बक्कलाबद्दलही सांगते. लोखंडी बक्कल आमच्या हवेत एका पावसाळ्यात गंजते आणि वेल्क्रोत वाळू बसली की तो धरत नाही. वेल्क्रो असेल तर जुन्या दात घासायच्या ब्रशने तो दर आठवड्याला साफ करावा.

रापी

कोल्हापुरीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. आमच्या घराण्याचा हाच व्यवसाय. वडील आंबा घाट उतरून रत्नागिरीला आले आणि आता मी येथेच बसतो.

खाडीकाठताईंच्या आईंनी केले ते अगदी योग्य होते. खरी कोल्हापुरी बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या चामड्याची असते. तिच्या तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवतात, त्यात खिळा नसतो. हे चामडे घाम शोषते, पायाच्या आकाराला बसते आणि उन्हाळ्यात तापलेल्या सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरून चालतानाही पाय थंड ठेवते. सुरुवातीचे आठ दिवस चप्पल चावते, त्यासाठी पट्ट्यांना आतून खोबरेल तेल चोळावे. पण तेच चामडे पाऊस लागला की फुगते, थर सुटतात, बुरशी धरते. म्हणून कोकणात ती कार्तिकापासून वैशाखापर्यंतची चप्पल आहे. चुकून भिजलीच तर चुलीजवळ किंवा कडक उन्हात न ठेवता सावलीत वाऱ्यावर सुकवावी. पावसाळ्याआधी तेल लावून, कागदात नव्हे तर सुती कापडात गुंडाळून ठेवावी.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांना मिळून कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलानमध्ये तशाच चपला दाखवल्या, आरडाओरड झाली आणि मग त्यांनी तिचे मूळ मान्य केले. त्या आठवड्यात माझ्याकडे जितकी गिऱ्हाइके चौकशीला आली तितकी वर्षभरात येत नाहीत. आनंद झाला, आणि वाईटही वाटले. आपल्या भाषेत 'पायातली वहाण पायातच बरी' असे सहज म्हटले जाते, आणि ती वहाण बनवणाऱ्याला त्या म्हणीतले स्थान पिढ्यान् पिढ्या दिले गेले, हे माझ्या वडिलांच्या मनातून शेवटपर्यंत गेले नाही.

आता आईंच्या चपलेविषयी. तळवा म्हणतात तसा रबरी तळ आणि परिचारिका ताई म्हणतात तशी मऊ आतली बाजू, ही जोडी दुकानात एकत्र क्वचितच मिळते. पण रापी, आरी आणि फर्मा असलेला कोणताही चांगला गटई कामगार ती जुळवून देऊ शकतो. पायाचा कागदावर आराखडा काढून आणा. तो संध्याकाळी काढावा, कारण दिवसभरात पाय सुजतो. दोन्ही पायांचे वेगवेगळे आराखडे हवेत.

सडाकिनारी

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले, याबद्दल मनापासून आभार. रुग्णालयात तपासणी झाली. दोन्ही पायांच्या बोटांकडील संवेदना कमी झाली आहे, असे डॉक्टरांनी सांगितले.

मात्र एक अडचण आहे आणि ती मला खरी वाटते. आईला टाचेचा पट्टा नको आहे. ती म्हणते, "गोठ्यातून आलं की काढा, देवळात काढा, कुणाच्या ओटीवर चढलं की काढा. दर उंबऱ्यावर वाकायचं कुणी?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आपण मागून उघडी चप्पल इतकी का वापरतो, याचे कारण मला त्या वाक्यात सापडले. आपल्याकडे चप्पल दिवसातून पंधरा-वीस वेळा काढावी आणि घालावी लागते. ज्या सँडलला प्रत्येक वेळी खाली वाकून बक्कल लावावे लागते, ती वयस्कर बाई तिसऱ्या दिवशी पायरीखाली सारून देणार.

रापी

आईंचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. बक्कल नको. टाचेच्या मागे रुंद इलास्टिकचा पट्टा शिवून देतो, वर मऊ चामड्याचे अस्तर, म्हणजे इलास्टिक घासणार नाही. उभ्या उभ्या पाय सरकवता येतो. पुढच्या पट्ट्याला मात्र वेल्क्रो ठेवू, कारण पायाची सूज दिवसागणिक कमी-जास्त होईल. तो एकदा सकाळी लावला की दिवसभर हात लावावा लागत नाही.

निवृत्त परिचारिका

अस्तराची शिवण आतल्या बाजूला येऊ देऊ नका. पहिल्या दिवशी अर्धाच तास घालू द्या, मग पाय तपासा. कुठे लाल डाग अर्ध्या तासाहून जास्त राहिला, तर तेथे पट्टा सैल करून घ्या. रोज रात्री तळवे आरशात पाहण्याची सवय लावा. आईंना वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा.

सडाकिनारी

जून संपताना कळवतो आहे. रापी यांच्याकडून दोन जोड्या करून घेतल्या. एक जोडी पाखाडी आणि बाजारासाठी, दुसरी वाळत असताना घालायला. तळ कडेने शिवलेले आहेत. गोठ्यासाठी गमबूट आणले, ते ती कुरकुर न करता घालते. दाराशी वडिलांच्या वेळची लाकडी चौरंगी ठेवली आहे, तिच्यावर बसून ती सकाळी वेल्क्रो लावते. पाखाडीच्या वरच्या ३० पायऱ्यांना बांबूचा कठडा झाला, उरलेल्यांना गणपतीआधी करतो. कपाटातील सगळ्या जुन्या जोड्या बाहेर काढून एकेक वाकवून पाहिल्या. तीन जोड्यांचे तळ हातातच तुटले.

तळवा, एक विचारायचे राहिले. आतला मऊ थर दबून गेला, हे बाहेरून कसे ओळखायचे?

तळवा

चप्पल सपाट लादीवर ठेवून टाचेच्या आणि बोटांच्या जागी अंगठ्याने दाबा, मग मधल्या कमानीच्या जागी दाबा. मधला भाग मऊ आणि टाचेचा कडक लागला की थर बसला असे समजावे. आईंच्या वापरात हे सहा ते आठ महिन्यांत होईल. तेवढा थरच बदलून मिळतो, सगळी चप्पल टाकू नये.